औषध पखालीला

खोटं बोलायला सराव लागतो. आमच्या बाबांना तो नाही. ते वर्षा-दोन वर्षांतून एकदाच खोटं बोलतात, आणि असलं दणदणीत बोलतात की निस्तरता निस्तरता माझ्या नाकी नऊ येतात.

बाबा शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. खाली दुकान, वर घर. कापणं त्यांचं, शिवणं माझं, आणि गिऱ्हाइकांशी भांडणं हेही माझंच, कारण बाबांना कुणाला 'नाही' म्हणता येत नाही. मला ते फटाकडी म्हणतात. म्हणू देत. मी फटाकडी नसते तर गिऱ्हाइकं केव्हाच आमच्या डोक्यावर मिरी वाटून गेली असती.

गेल्या वर्षी बाबा कापडाचा तागा उचलायला वाकले आणि कमरेतली गादी सरकली, ती थेट नसांवर जाऊन बसली. ऑपरेशन झालं. पाय वाचले, काठी टेकत का होईना चालायला लागले. पण अगदी खालच्या नसा ज्या झोपल्या त्या झोपल्याच. स्पष्टच सांगते, त्यात लाजायचं काय? लघवी साठली तरी कळत नाही, स्वतःहून होत नाही, आणि साठून साठून फार झाली की आपली आपण बाहेर येते. शौचाचीही तीच तऱ्हा.

आणि माणूस कसला, तर घरातल्या घरात सुद्धा पँटीची इस्त्री मोडू न देणारा. एकदा दुकानात गिऱ्हाइकासमोर पँट ओली झाली. तसेच काठी टेकत वर गेले, ते खाली उतरलेच नाहीत. कुणी भेटायला आलं की "झोपलेत म्हणून सांग." मी चिडून बघितलं, रडून बघितलं, अबोला धरून बघितला. पालथ्या घड्यावर पाणी. "पुन्हा चारचौघांत तसं झालं तर मी मेलो म्हणून समज," एवढंच म्हणाले, आणि ते गमतीनं म्हणत नव्हते.

मग ऑपरेशनच्या डॉक्टरांनी आम्हाला त्या विभागात धाडलं. मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला तळमजल्यावर एक वेगळा दवाखाना आहे, ज्यांच्या नसा बिघडून लघवी-शौचाचा ताबा गेलाय अशांसाठीच. पहिल्या दिवशी मी बाबांना अक्षरशः ओढत नेलं. आत एक लांबलचक बाक, भिंतीवर पोटातल्या सगळ्या सामानाचं रंगीत चित्र, आणि संडास तर इतके आणि इतके लख्ख की मला तिथेच राहायला जावंसं वाटलं.

तिथल्या सिस्टर म्हणजे एक वल्ली. बुटक्या, गोलमटोल, आवाज खणखणीत. पहिल्याच भेटीत त्यांनी बाबांच्या हातात एक पातळ नळी ठेवली आणि म्हणाल्या, "मास्तर, सुईत दोरा ओवता ना? मग हे काय अवघड आहे? ठरलेल्या वेळी नळी घालायची, पोटातली लघवीची पिशवी रिकामी करायची, नळी टाकून द्यायची. प्रत्येक वेळी नवी. आणि हे तुमच्या हातानं, मुलीच्या नाही." मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही बाहेर बसा. चहा प्या."

मला राग आला, पण चहा प्यायला गेले. आत काय झालं देव जाणे. महिन्याभरात बाबा सगळं स्वतःचं स्वतः करायला लागले. सकाळी न्याहारी झाली की पायाखाली पाट घेऊन ठरल्या वेळी शौचाला बसणं, पोट कसं चोळायचं, काय खायचं, सगळं सिस्टरनी शिस्तीत बसवून दिलं. चादरी कोरड्या राहायला लागल्या. वेळ मात्र चुकवायची नाही, असा सिस्टरचा दम होता. "तुम्हाला कळणार नाही, मास्तर, म्हणून घड्याळावर चालायचं. पोटाखाली हात ठेवून बघायचं, कडक लागलं की उशीर झालाय. आणि दाबून काढायचा शहाणपणा करायचा नाही."

इतकं सगळं झालं, तरी बाबा घराबाहेर पडायचे ते फक्त त्या दवाखान्यात जायला. दुकानात नाही, शेजारी नाही, कुठे म्हणजे कुठे नाही. काय करावं या माणसाचं?

आणि मग ती बाई आली.

त्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती. आम्ही बाकावर बसलो होतो, आणि आमच्या शेजारी एक बाई येऊन बसल्या. साठीच्या असतील. निळा कोट, केस आखूड, डोळे मिस्कील. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या हे नंतर कळलं. त्यांच्या पलीकडे दरवाजाएवढा एक माणूस अंग चोरून बसला होता. बाबांनी एकदा त्या कोटाकडे बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं, आणि वर्षभर परक्या माणसाशी एक शब्द न बोललेला माझा बाप म्हणाला, "रागावणार नसाल तर सांगतो. डावा खांदा अर्धं बोट उतरलाय."

"अगोबाई!" बाई म्हणाल्या. "आणि मी समजत होते माझाच खांदा वाकडा आहे. आठ वर्षं तो वर उचलून चालतेय मी."

बाबा हसले. बाई तर खो खो हसायला लागल्या, आणि मधेच कच्चकन थांबून त्यांनी एका पायावर दुसरा पाय घट्ट टाकला. मला ते जरा विचित्र वाटलं, पण बाबा हसले याचंच मला इतकं अप्रूप की बाकी काही डोक्यात शिरलं नाही.

"शिंपी दिसता," बाई म्हणाल्या. "इथे कुणासाठी आलात?"

आता बघा. हा विभाग कसला आहे ते दारावर हातभर अक्षरांत लिहिलंय. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ही माझी मुलगी," ते म्हणाले. "हिला घेऊन येतो."

मला वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. पण नाही! बाई माझ्याकडे वळल्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचंच काय ते बाकी होतं. "अरेरे. एवढ्या लहान वयात."

मी चाळिशीला आलेय. मला ठसका लागला, आणि ठसका लागला तशी बाई घाईघाईनं म्हणाल्या, "सांभाळून गं बाळ, खोकल्यानं जास्त होतं." बाबा भिंतीवरच्या आतड्याकडे एकटक बघत होते.

"आणि तुम्ही?" त्यांनी विचारलं.

बाई त्या दरवाजाएवढ्या माणसाच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "हा माझा धाकटा भाऊ. कुलपं दुरुस्त करतो. याच्यासाठी." भावानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं, बिचारा लाजला.

आमचा नंबर आला. आत गेल्या गेल्या दार लोटून मी सिस्टरना सगळं सांगितलं. त्या आधी भडकल्या. "मास्तर, लाज वाटते की काय तुम्हाला? इथे येणारा प्रत्येक जण..." मग थबकल्या. "कुणाला सांगितलंत म्हणालात?"

"त्या निळ्या कोटाच्या बाईंना," मी म्हटलं. "भावाला घेऊन आल्यात त्या."

सिस्टर एकाएकी खिडकीकडे वळल्या. त्यांना जोराचा खोकला आला. बराच वेळ त्यांचे खांदे हलत होते. मग डोळे पुसत म्हणाल्या, "मी इथलं कुणाचं कुणाला सांगत नसते. तुमचं तुम्ही बघा. जय हो!"

घरी जाताना मी बाबांना रस्ताभर फैलावर घेतलं. "रोग रेड्याला आणि औषध पखालीला! अहो, मी ठणठणीत बाई आहे. उद्या ती बाजारात भेटली तर मी काय लंगडत चालू?"

"लंगडायचं कशाला? पाय चांगलेच आहेत आपले."

"आपले?"

"एवढं कर गं फटाकडे," बाबा म्हणाले. रस्त्याच्या कडेला थांबले, काठीवर दोन्ही हात ठेवून. "वर्षभर जो तो माझ्याकडे रोगी म्हणून बघतोय. डॉक्टर, शेजारी, तू सुद्धा. तू सुद्धा बघतेस, नाही म्हणू नकोस. ती माझ्याकडे शिंपी म्हणून बघत होती. तिला सांगणार नाहीस अशी शपथ घे. माझ्या गळ्याची."

मी काय करणार होते? घेतली शपथ. आणि त्याच संध्याकाळी बाबा खाली दुकानात उतरले. बाईंनी कोट दुरुस्तीला द्यायचं कबूल केलं होतं ना! खडू शोधला, टेप शोधली, कात्रीला धार नाही म्हणून मला बोलले. किती दिवसांनी मला कुणी कात्रीवरून बोललं होतं! इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

झालं, तेव्हापासून मी पेशंट. दवाखान्यात बाई आणि बाबा बाकाच्या एका टोकाला कोट, काजं, बटणं, नद्या, डोंगर असं काय काय बोलत बसायचे, आणि दुसऱ्या टोकाला आम्ही दोघं रोगी. मी आणि कुलूपवाला. तोही बायको आणि तीन पोरं सोडून तिथे अर्धा दिवस बसायचा. कधीतरी बोलणं भागच होतं.

"तुम्हाला नळी लागते?" मी विचारलं.

"लागते की," तो म्हणाला. "दोनदा घेतो. जेवणानंतर."

"जेवणानंतर? अहो, औषध आहे का ते? तासांवर घ्यायची असते. आणि प्रत्येक वेळी नवी घेता ना?"

"नवी?" तो चपापला. "हो हो. नवीच. धुऊन."

बिचाऱ्याकडे कुणाचंच लक्ष नाही, असं वाटून माझा जीव तुटला. मी त्याला अथपासून इतिपर्यंत सगळं शिकवलं. हात कसे धुवायचे, वेळ कशी पाळायची, पोटाखाली हात ठेवून कसं बघायचं. तो इतक्या मन लावून ऐकत होता की मला स्वतःचाच अभिमान वाटला. शेवटी म्हणाला, "तुम्ही फार सोसलंय हो." मी मान खाली घालून "सवय झाली" म्हटलं. गाढव मी! चारचौघांना शहाणपण शिकवणारी मी, आणि समोरचा ढळढळीत खोटं बोलतोय हे मला दिसू नये? पण चोर स्वतःच्या चोरीत गुंतलेला असला की दुसऱ्याचा खिसा कोण बघतो?

मग एके दिवशी बाई म्हणाल्या, "नदीच्या पलीकडे मोठी बाग आहे. लाँचनं जाऊ या का आपण चौघं? मुलांनाही जरा बदल होईल."

मुलं म्हणजे आम्ही. बाबा लगेच "हो" म्हणाले. मी बघतच राहिले. स्वतःच्या गल्लीत न उतरणारा माणूस, आणि लाँचमध्ये बसायला निघाला!

घरी मात्र घाबरगुंडी उडाली. सिस्टरना फोन झाला. त्यांनी सगळं आखून दिलं. सकाळचं पोट साफ करूनच निघायचं, चहा कमी, निघताना एकदा नळी, बागेत पोचल्यावर एकदा, पुढची घरी येऊन. मी माझ्या पर्समध्ये दोन नळ्या टाकल्या, एक बागेसाठी आणि एक जादा. पेशंट मी, त्यामुळे सामानही माझ्याकडे. बाबा खाली आले ते फिक्या क्रीम रंगाची पँट घालून.

"बाबा, काळी घाला," मी म्हटलं. "काही झालं तर दिसणार नाही."

"उन्हात काळी कोण घालतं? शिंपी आहे मी." त्यांनी आरशात बघून कॉलर नीट केली. मी त्यांना इतकं देखणं कधी बघितलं नव्हतं.

बाग झकास होती. बागेतल्या स्वच्छतागृहात बाबांची नळी झाली, मी बाहेर पहारा दिला. बाईही मधे कुठेतरी गेल्या होत्या, म्हणे भावाला शोधायला. भाऊ माझ्याशेजारी उभा राहून शेंगदाणे खात होता. तरीही मला काही सुचलं नाही, यावरून मी काय लायकीची आहे ते समजा. बाबा बाईंना झाडांखालून हिंडवत होते आणि बाई त्यांना नदी कुठून कुठे वाहते ते हातवारे करून सांगत होत्या. निघायला उशीर झाला, पण कुणाला घाई होती?

परतीची लाँच नदीच्या मधोमध आली आणि खरखरून थांबली. गाळात रुतली होती.

"आता?" मी लाँचवाल्याला विचारलं.

"आता भरतीचं पाणी चढलं की निघेल."

"कधी चढेल?"

"ते पाण्याला विचारा," तो म्हणाला आणि टोपी तोंडावर घेऊन आडवा झाला. त्याला नदीत ढकलावं असं मला फार वाटलं.

पाणी काही चढेना. लाँचमध्ये आम्ही चौघं आणि आणखी दहा-बारा माणसं. ऊन कलायला लागलं. बाबांच्या खिशात फोन थरथरला. नळीची वेळ. त्याच सुमाराला बाईंच्या मनगटावरचं घड्याळ टीटीट करून वाजलं. दोघांनी आपापलं बंद केलं आणि दोघंही एकदम पाण्याकडे बघायला लागली.

लाँचच्या मागच्या टोकाला एक संडास होता, आणि त्याला हे एवढं कुलूप. किल्ली म्हणे काठावर राहिली. माझा पारा चढला. पण कुलूपवाला उठला, माझ्या केसातली पिन मागितली, आणि तोंडानं शीळ घालत घालत कुलूप काढून बाजूला ठेवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बाबांना डोळ्यांनी खुणावलं, चला. तेवढ्यात बाई उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात, शाळेतल्या मुलांना गप्प करावं तशा, म्हणाल्या, "थांबा सगळे. आधी या मुलीला जाऊ द्या. तिला त्रास आहे."

"जा ताई, जा," सगळी लाँच म्हणाली. एका आजोबांनी माझ्यासाठी वाट करून दिली.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मी आत गेले. आत एक बादली होती, एक खराटा होता. मी खराट्याकडे बघत उभी राहिले. ताबडतोब बाहेर पडलं तर संशय येईल म्हणून मी तिथे जीव मुठीत धरून थांबले, आणि बाहेर माझ्या बापाची पिशवी भरत होती.

बाहेर आले तर बाबांचा सभ्यपणा उफाळून आलेला. "आता तुमच्या भावाला जाऊ द्या," ते बाईंना म्हणत होते. "त्याचीही वेळ झाली असेल."

"मला? मला नाही लागली," कुलूपवाला म्हणाला.

"लागलीय तुला!" बाई दातओठ खात म्हणाल्या. तो गेला. त्यालाही खराट्याचं दर्शन घडलं असणार. तोही बराच वेळ बाहेर आला नाही, आणि इकडे बाबा आणि बाई एकमेकांना म्हणत होते, "तुम्हाला जायचं असेल तर..." "छे छे, मला कशाला? तुम्ही जा." "मी? मुळीच नाही." बाबांच्या कपाळावर घाम होता. त्यांचा हात हळूच पोटाखाली गेला आणि मागे आला, आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. कडक लागलं होतं. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता, पाय एकमेकांत अडकवलेले, पण मी कुठे बघतेय तिकडे!

कुलूपवाला बाहेर आला आणि मला युक्ती सुचली. "बाबा," मी कण्हत म्हटलं, "मला पुन्हा जायचंय. मदत लागेल. तुम्ही चला आत."

"अगं, बापाला कशाला?" बाई ताडकन उठल्या. "मी आहे ना. बाई माणूस आहे मी. चल, चल लवकर." आणि माझ्या आधी स्वतःच संडासाकडे निघाल्या. त्या घाईत त्यांची पर्स खांद्यावरून निसटली, उलटी झाली, आणि आतून एक लांबट, चपटं, पारदर्शक पाकीट सरकलं, कठड्याखालून घसरलं आणि टुपकन पाण्यात पडलं. नदीनं ते डोळ्यांदेखत नेलं.

बाई तिथेच खाली बसल्या. "एकच उरलं होतं," त्या भावाला म्हणाल्या. आवाज अगदी लहान झाला होता. "नळीशिवाय माझं होत नाही रे. नुसतं पोट पिळवटून निघतं. आता काय करू मी?"

बाबांनी ते पाकीट ओळखलं. का ओळखणार नाहीत? दिवसातून किती वेळा हातात घेतात. ते तसंच बघत राहिले, आधी पाण्याकडे, मग बाईंकडे. मग काठी टेकून उभे राहिले.

"फटाकडे, पर्स दे. माझं पाकीट आहे ना त्यात, ते दे."

"बाबा, एकच..." मी सुरुवात केली.

"दे म्हणतो ना." त्यांनी पर्समधून शेवटची नळी काढली आणि बाईंसमोर धरली. "घ्या. जाडीला बारा नंबर आहे. पुरुषांची आहे, जरा लांब पडेल तुम्हाला, पण चालेल."

बाईंनी नळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पण ही तर तिची..."

"माझी आहे. पेशंट मी आहे. ही नुसती माझी मुलगी आहे, घोड्यासारखी धट्टीकट्टी आहे."

बाईंच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. "मला हसवू नका," त्या पोट धरून म्हणाल्या. "हात जोडते, मास्तर, हसवू नका, माझं सगळं इथेच व्हायचं. मलाही बाराच लागतो हो! याला काय झालंय? हा तर फक्त खातो!"

"म्हणजे तुम्हाला काहीच नाही?" कुलूपवाल्यानं मला विचारलं.

"तुम्हालाही?"

"आणि मी घरी जाऊन बायकोला सांगत होतो की त्या बिचारीनं फार सोसलंय!"

बाईंनी दारात वळून विचारलं, "मास्तर, तुमच्याकडे दुसरी आहे ना?"

"आहेत की," बाबा म्हणाले. "भरपूर."

पर्समध्ये आता एकही नळी नव्हती, हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. मी तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं. दार लागलं. लांब नळी, हलती लाँच, वेळ लागणारच. बाबा बाकावर ताठ बसून होते, काठीवर दोन्ही हात. मी त्यांच्याजवळ गेले, तर हळू आवाजात म्हणाले, "गप्प बस."

आणि मग ते झालं. क्रीम रंगाच्या पँटीवर डाग दिसला, मोठा झाला, मांडीवरून गुडघ्याकडे गेला. समोरच्या आजोबांनी बघितलं आणि मान फिरवली. एका पोराला त्याच्या आईनं जवळ ओढून घेतलं. "मी मेलो म्हणून समज", हेच म्हणाले होते ना? मी त्यांच्यापुढे आडवी उभी राहिले, कुणाला दिसू नये म्हणून. पण लाँच ती केवढी, आणि मी केवढी!

दार उघडलं. बाई बाहेर आल्या. चेहरा फुललेला, कोट नीटनेटका. मला बाजूला सारून त्यांनी बाबांकडे बघितलं. डागाकडे बघितलं, मग पुन्हा बाबांकडे.

"भरपूर आहेत म्हणालात," त्या म्हणाल्या.

"म्हणालो खरं."

बाई हसायला लागल्या. पिशवी आता रिकामी होती, त्यामुळे मधे थांबायचं कारणच नव्हतं. डोक्यावरचं आभाळ हलावं अशा हसल्या, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि हसता हसताच त्या बाबांना अगदी चिकटून बाकावर बसल्या. ओल्या बाजूला. बाबा आधी नुसते बघत होते. मग त्यांचेही खांदे हलायला लागले. मग ते असे हसले की काठी हातातून पडली आणि तिच्याकडे कुणी लक्षही दिलं नाही. मी मात्र तिथे उभी राहून भोकाड पसरलं. एवढी मोठी बाई, भर लाँचमध्ये! कुलूपवाल्यानं मला उरलेले शेंगदाणे दिले.

लाँच हळूच हलली. पाणी चढलं होतं. मी डोळे पुसले, बरोबर आणलेल्या कापडी पिशवीच्या तळातून कोरडी पँट शोधून काढली आणि बाबांसमोर धरली. "आत जाऊन बदला. तो संडास मोकळा आहे."

"नंतर," बाबा म्हणाले. "आत्ता उठलो तर ही जागा जाईल."